कोलोरॅडोच्या डोंगरात क्राफ्ट बिअरचे थांबे कसे आखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डेन्वरजवळ राहतो. उन्हाळा आला की पाहुणे येतात, कोणी पुण्याहून, कोणी न्यू जर्सीहून, कोणी टेक्सासमधून गाडी हाकत, आणि प्रत्येकाचा व्हॉट्सअॅपवर पहिला मेसेज "रॉकी माउंटन पार्क बघायचंय" आणि दुसरा, जरा वेळाने, बायको ग्रुपमध्ये नसताना, "तिकडे बिअर भारी मिळते म्हणे". तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

कोलोरॅडोच का? बिअर तर सगळीकडे मिळते.

मिळते की. पण इथे चारशेच्या वर ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायच्या जागा, आहेत आणि त्या फक्त मोठ्या शहरात नाहीत, डोंगरातल्या चार रस्त्यांच्या गावातसुद्धा स्वतःची बिअर बनवणारं कोणीतरी असतंच. म्हणजे फिरायला जिथे जाणार तिथेच बिअर आहे, बिअरसाठी वेगळं वाकडं जायला लागत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. बोल्डर बिअर १९७९ ला सुरू झाली, ती या राज्यातली पहिली क्राफ्ट ब्रुअरी (क्राफ्ट म्हणजे मोठ्या कारखान्यातली नव्हे, थोडी थोडी, चवीकडे लक्ष देऊन बनवलेली), आणि सुरुवात कुठे तर शेळ्यांच्या गोठ्यात. १९८८ ला डेन्वरमध्ये विनकूप उघडली, ती काढणाऱ्यांपैकी एक जॉन हिकनलूपर, मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, नोकरी गेली म्हणून बिअरच्या धंद्यात पडला आणि पुढे डेन्वरचा महापौर, मग राज्याचा गव्हर्नर आणि आता सिनेटर. आपल्याकडे बिअर बारचा मालक राजकारणात जाणं काही नवीन नाही, पण इथे तो ते अभिमानाने सांगतो. आणि २००२ ला लायन्स नावाच्या पिटुकल्या गावात ऑस्कर ब्लूजवाल्यांनी डेल्स पेल एल हाताने कॅनमध्ये भरायला घेतली, तेव्हा चांगली बिअर म्हणजे बाटलीच असा सगळ्यांचा समज होता आणि कॅन म्हटलं की लोक नाक मुरडायचे. आज दुकानात बघा, सगळी क्राफ्ट बिअर कॅनमध्येच.

पुणेकरांसाठी सांगायचं तर आपली दुलाली, भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, पुण्यात २००९ ला सुरू झाली. म्हणजे इथले लोक आपल्यापेक्षा तीस वर्षं पुढे, पण चव तुम्हाला अगदीच अनोळखी नसणार.

एका दिवसात किती ब्रुअरी होतात?

एक. फार तर दोन, आणि त्या दोन एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ असतील तरच.

माहितीये, हे उत्तर कोणालाच आवडत नाही. माझे एक भावोजी एक्सेल शीट घेऊन आले होते, सात दिवस, एकवीस ब्रुअरी, प्रत्येकीसमोर पत्ता आणि वेळ. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मोटेलच्या पलंगावर डोक्याला ओला टॉवेल बांधून पडले होते आणि बाकी घर एल्क नावाची मोठाली हरणं बघायला गेलं होतं. यात बिअरचा दोष अर्धाच, उरलेला अर्धा उंचीचा.

उंचीचं एवढं काय? आम्ही दर पावसाळ्यात ट्रेक करतो.

करा ना, पण आधी आकडे बघा. कळसूबाई ५,४०० फूट. डेन्वरचं विमानतळ ५,४३० च्या आसपास. म्हणजे विमानातून उतरून बॅगेची वाट बघत उभे आहात तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या बरोबरीला आहात, आणि ट्रिप अजून सुरू व्हायचीये. तिथून पुढे डोंगरातली गावं, एस्टेस पार्क साडेसात हजार, फ्रिस्को नऊ हजार, ब्रेकनरिज ९,६०० आणि लेडव्हिल दहा हजारांच्या वर.

लोक म्हणतात वर एक बिअर दोन बिअरइतकी चढते. रक्तातलं अल्कोहोल तपासलं तर तेवढंच निघतं, उंचीने त्यात काही फरक पडत नाही. पण हवा विरळ, कोरडी, नुसता श्वास घेऊन घेऊनच अंगातलं पाणी कमी होत असतं, आणि उंची लागण्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं. हँगओव्हरची पण हीच. दोन्ही एकत्र आलं की कोणाचं काय हे कळत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे, कारण उंचीचा त्रास वाढत चालला असताना माणूस "काल जरा जास्त झाली" म्हणून पडून राहतो.

म्हणून पहिले एकदोन दिवस खालीच रहा, डेन्वर किंवा फोर्ट कॉलिन्सला, आणि प्या पण बेताने. वर मुक्कामाला गेलात की पहिल्या रात्री बिअर नकोच, सूप प्या, झोपा. एका बिअरमागे एक मोठा ग्लास पाणी, हे तर आमच्या घरी वाढण्याच्या नियमासारखं झालंय.

मग मार्ग कसा आखायचा? नवखे आहोत, सात दिवस आहेत.

मी सगळ्यांना हाच सांगतो, कारण यात पायरी पायरीने उंची वाढते.

पहिला दिवस डेन्वर. विमानतळावरून ए लाइन ट्रेन धरा, ३७ मिनिटांत युनियन स्टेशन. गाडी त्या दिवशी भाड्याने घेऊच नका, कशाला पार्किंगचे पैसे. स्टेशनच्या जवळच विनकूप, जुन्या गोदामाच्या लाल विटांच्या इमारतीत, आणि तिथून चालत अजून दोनचार ब्रुअरी आहेत, त्यात ग्रेट डिव्हाइडची येती नावाची काळीकुट्ट इम्पीरियल स्टाउट प्रसिद्ध आहे, पण ती जेट लॅगवर घेऊ नका हो. पहिल्या दिवशी एक पिल्सनर, म्हणजे हलकी पिवळी बिअर, जेवण, झोप.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन फोर्ट कॉलिन्स, साधारण ६५ मैल. हे माझं आवडतं गाव. ओडेल १९८९ ची, न्यू बेल्जियम १९९१ ची, आणि दोन्ही एकमेकींपासून पायी पंधरावीस मिनिटांवर. न्यू बेल्जियमच्या फॅट टायर बिअरचं नाव कसं पडलं तर संस्थापक जाड टायरची सायकल घेऊन बेल्जियममध्ये फिरला होता, गावोगावच्या बिअर चाखत, आणि परत आल्यावर घरातच बनवायला लागला. ती कंपनी २०१९ मध्ये जपानच्या किरिनच्या छत्राखाली गेली आणि २०२३ ला फॅट टायरची रेसिपीच बदलली, आता ती हलकी, पिवळसर लागते, जुनी तांबूस चव आठवणारे लोक अजून कुरकुरतात, मीपण त्यातलाच. ओडेल अजून स्वतंत्र आहे. तिची नाइंटी शिलिंग घ्या, तांबूस, बिस्किटासारखी, कडू बिअर न आवडणाऱ्या माणसालाही चालते. आमच्या सासऱ्यांना चालली, म्हणजे कोणालाही चालेल.

तिसरा-चौथा दिवस एस्टेस पार्क. पाचव्या दिवशी रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधून ट्रेल रिज रोडने पलीकडे ग्रँड लेकला उतरायचं, ४८ मैलांचा रस्ता आणि सर्वात उंच जागा १२,१८३ फूट. हा दिवस कोरडा. त्या रस्त्यावर वळणं घेताना एका बाजूला काहीच नसतं, वरंधा घाटात एसटीच्या खिडकीतून खाली बघितल्यासारखं वाटतं. ग्रँड लेकहून पुढे क्रेमलिंगमार्गे फ्रिस्को गाठायचं आणि पाचवी-सहावी रात्र तिथे काढायची. सातव्या दिवशी खाली उतरताना गोल्डनमध्ये जेवायला थांबा आणि परत डेन्वर.

गाडी कोण चालवणार?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण येतो नेहमी शेवटी, आणि तोपण बहुतेक वहिनी विचारतात.

कायदा नीट समजून घ्या. कोलोरॅडोत रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्के झालं की डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा. पण ०.०५ च्या वर गेलं तरी वेगळा गुन्हा आहे, डीडब्ल्यूएआय म्हणतात, आणि बाकीच्या बऱ्याच राज्यांतून येणाऱ्या लोकांना हे ठाऊकच नसतं. त्यामुळे "मला ०.०८ पर्यंत चालतं" हा हिशोब इथे चुकतो. सायकललाही हाच कायदा लागू आहे, फोर्ट कॉलिन्समध्ये सायकल भाड्याने घेऊन ब्रुअरी फिरणारे लोक हे सोयीस्कर विसरतात.

आणि व्हिसावर असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. एच-वन असो की टुरिस्ट, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, कोर्टात काही सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. दोन पाइंटसाठी ग्रीन कार्डची रांग पणाला लावायची का ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचा उपाय सोपा आहे: मुक्काम असा निवडायचा की ब्रुअरीतून खोलीवर चालत येता येईल. हॉटेल चाळीस डॉलरने महाग पडलं तरी चालेल. डोंगरातल्या गावांत रात्री उबर मिळेलच असं धरून चालू नका, अॅप उघडलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं.

गाडीशिवाय जमेल का?

जमतं, आणि बिअरवाल्यांसाठी हाच प्लॅन बेस्ट आहे. बसटँग नावाची राज्य सरकारची बस आहे, २०१५ पासून चालू, बसायला चांगली, डेन्वरहून एकीकडे फोर्ट कॉलिन्सला जाते आणि दुसरीकडे आय-सेव्हन्टी महामार्गाने फ्रिस्को, ग्लेनवुड स्प्रिंग्सकडे. फ्रिस्कोला उतरलात की पुढे समिट स्टेज ही काउंटीची बस चक्क फुकट आहे, फ्रिस्को, डिलन, सिल्व्हरथॉर्न, ब्रेकनरिज सगळं जोडते. म्हणजे फ्रिस्कोत खोली घ्या, सकाळी तलावाकाठी चाला, दुपारी फुकट बसने ब्रेकनरिज, संध्याकाळी परत. फक्त शेवटच्या बसची वेळ मोबाइलमध्ये आधी टाकून ठेवा, ती चुकली तर मग गंमत नाही.

डोंगरात नक्की काय प्यायचं? दोनचार नावं सांगा.

फ्रिस्कोत आउटर रेंज, २०१६ ची, हेझी आयपीएसाठी. आयपीए म्हणजे जरा कडवट, वासाची बिअर, आणि हेझी म्हणजे गढूळ दिसणारी, आंब्या-संत्र्याच्या वासाची, कडवटपणा कमी. वास आंब्याचा म्हणून हापूसची अपेक्षा ठेवू नका.

ब्रेकनरिजला ब्रोकन कंपासची कोकोनट पोर्टर, नारळ घातलेली काळी बिअर. कोकणातल्या माणसाला हे ऐकूनच कसंतरी होतं, आमच्या रत्नागिरीच्या काकांनी आधी "नारळाचा असा अपमान" वगैरे केलं आणि मग दुसरी मागवली. ब्रेकनरिज ब्रुअरी ही १९९० ला याच गावात मेन स्ट्रीटवर सुरू झालेली, आता कंपनी मोठ्यांच्या हातात गेलीये, तरी तिची व्हॅनिला पोर्टर दुकानात दिसली तर घेऊन बघा. डिलनला डिलन डॅम ब्रुअरी, तिथे जेवणही मिळतं.

डोंगराच्या अलीकडे लाँगमाँटमध्ये लेफ्ट हँड, १९९३ ची, मिल्क स्टाउट नायट्रोसाठी. ही ओतताना बघायची, नायट्रोजनमुळे फेस खाली खाली लाटांसारखा उतरतो आणि मग वर साय धरते. लेफ्ट हँड, म्हणजे डावा हात, हे नाव अरापाहो या इथल्या मूळ लोकांचा प्रमुख निवॉट याच्यावरून आलंय, त्यांच्या भाषेत निवॉट म्हणजे डावखुरा.

गोल्डनमध्ये कूर्सचा अवाढव्य कारखाना आहे, १८७३ पासूनचा, ती क्राफ्ट नव्हे. त्याच गावात गोल्डन सिटी ब्रुअरी नावाची छोटीशी जागा आहे आणि ते स्वतःची ओळख करून देतात "गोल्डनमधली दुसऱ्या क्रमांकाची सर्वात मोठी ब्रुअरी". या एका वाक्यासाठी मी तिथे पैसे देतो.

फ्लाइट म्हणजे काय? आणि ती घेतली तर कमी पिणं होतं ना?

फ्लाइट म्हणजे लाकडी पट्टीवर चारपाच छोटे ग्लास, प्रत्येकात साधारण चारपाच औंस. चवी बघायला उत्तम. पण "थोडी थोडीच तर आहे" हा निव्वळ भ्रम. पाच औंसाचे चार ग्लास म्हणजे वीस औंस, जवळजवळ ५९० मिली, पाइंट असतो १६ औंसाचा म्हणजे ४७३ मिलीचा. फ्लाइट पाइंटापेक्षा जास्त झाली की नाही?

आणि बोर्डावर नावाशेजारी जो टक्का लिहिलेला असतो, एबीव्ही, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, तो वाचायची सवय लावा. आठ टक्क्यांचा एक पाइंट घेतलात तर पाच टक्केवाली आपल्याकडची ६५० मिलीची अख्खी बाटली पिण्यापेक्षा जास्त अल्कोहोल पोटात जातं. इथे आठ टक्के म्हणजे काही फार नाही, इम्पीरियल किंवा डबल शब्द दिसला की सावध व्हा.

सुरुवात हलक्यापासून करायची, पिल्सनर, मग तांबूस अंबर, मग आयपीए, काळ्या शेवटी. एकदा डबल आयपीए जिभेवर बसली की नंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागते. काउंटरवर "एक घोट चाखायला मिळेल का" विचारायला लाजू नका, बहुतेक जण हसत देतात.

उंचीवर बनवलेल्या बिअरची चव वेगळी असते का?

चव मुद्दाम वेगळी नसते पण बनवताना कटकट असते. डेन्वरला पाणी ९५ अंशालाच उकळतं, ब्रेकनरिजच्या उंचीवर ९० च्या आसपास. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, त्यांच्यातला कडूपणा बिअरमध्ये उतरतो तो उकळताना, आणि तापमान कमी असलं की कमी उतरतो, म्हणून हॉप्स जास्त घालावे लागतात किंवा उकळी जास्त वेळ चालू ठेवावी लागते. इथे वरण शिजायला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त का लागतात, तेच कारण.

शाकाहारी आहोत. खायचं काय?

आधी हे समजून घ्या की टॅपरूम आणि ब्रूपब वेगळे. ब्रूपबमध्ये किचन असतं. टॅपरूममध्ये बहुतेक ठिकाणी फक्त बिअर, बाहेर फूड ट्रक उभा असेल तर नशीब. याचा फायदा असा की अशा अनेक टॅपरूममध्ये बाहेरचं खाणं चालतं. एकदा विचारायचं आणि मग काढायचा चिवडा, चकल्या, शेंगदाणे. आमच्या चकलीला शेजारच्या टेबलावरून मागणी आलीये एकदा, त्यांनी बदल्यात प्रेटझेल दिलं, सौदा आमच्या तोट्याचा.

दोन ठिकाणी फसू नका. ग्रीन चिली नावाचा हिरवा रस्सा इथे प्रत्येक गोष्टीवर ओततात आणि त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, बघून कळत नाही, विचाराच. दुसरं, रॉकी माउंटन ऑइस्टर हा समुद्रातला कालव नाही, बैलाचे वृषण. विनकूपने ते घालून खरोखर स्टाउट बनवली होती, २०१२ ला एप्रिल फूलची थट्टा म्हणून जाहीर केली आणि मग लोकांनी इतकं डोकं खाल्लं की बनवावीच लागली. मेनूवर ऑइस्टर शब्द दिसला की शांतपणे पुढचं पान. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, ती शाकाहाऱ्यांना चालते पण ज्यांना दूध पचत नाही त्यांनी जपून.

मुलं आणि आईबाबा बरोबर आहेत. त्यांना नेता येतं का?

येतं, आणि आपल्याकडच्या परमिट रूमचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. दुपारी चारला टॅपरूममध्ये बघा, बाबागाड्या, कुत्री, पत्ते खेळणाऱ्या आज्या. मुलांना रूट बिअर मिळते, नावात बिअर असली तरी ते सरबतच, चव आपल्या आयोडेक्सची आठवण करून देते असं माझं मत, मुलांना मात्र आवडते. काही जागा संध्याकाळनंतर मुलांना घेत नाहीत, तेवढं बघून ठेवा.

आईबाबांबद्दल म्हणाल तर ते प्रत्येक घराचं वेगळं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही "कॉफीचं दुकान" म्हणून नेलं होतं. तिने पाच मिनिटांत ओळखलं आणि म्हणाली, जागा छान आहे, उगाच खोटं कशाला बोललास.

आयडी लागतं का? बाबांचे केस पांढरे आहेत हो.

लागतं. वय २१ पूर्ण हवं आणि अनेक ठिकाणी ऐंशीच्या आजोबांनाही विचारतात, अपमान वाटून घेऊ नका. भारतातून आलेल्यांनी खरा पासपोर्ट जवळ ठेवा. आधार कार्ड, भारतातलं लायसन्स, मोबाइलमधला फोटो यावर भरवसा नको. आमच्या काकांना एका टॅपरूममध्ये याच कारणावरून दिली नाही, ते पासपोर्ट आणायला हॉटेलवर गेले आणि तिथेच झोपले.

कधी यावं?

जून शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ट्रेल रिज रोड साधारण मेच्या शेवटी उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बर्फामुळे बंद होतो. उन्हाळ्यात पार्कमध्ये जायला गेली काही वर्षं वेळेचं आरक्षण लागतं, ते आधी करा, ब्रुअरीचं नंतर बघू.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी डोंगरावर विजा कडाडतात, रोज म्हटलं तरी चालेल. त्यामुळे इथला दिवस असा लावायचा की पहाटे चढायचं, बाराच्या आत खाली आणि पाऊस पडत असताना टॅपरूमच्या पडवीत बसायचं. फक्त श्रावण पाळणाऱ्यांची गोची होते, बरोब्बर तेव्हाच सीझन. आणि सप्टेंबरच्या शेवटी अॅस्पेनची झाडं पिवळी धमक होतात, सगळ्यात सुंदर काळ, तर तो बऱ्याचदा पितृपक्षात. काय करणार.

एप्रिल मध्य ते मे आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मड सीझन, बर्फही नाही आणि हिरवळही नाही, डोंगरातल्या कित्येक जागा सुट्टीवर जातात. तेव्हा आलात तर खाली डेन्वर, फोर्ट कॉलिन्समध्येच रहा. एक शहरातलं आकर्षण म्हणजे ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल, १९८२ पासूनचा, शरद ऋतूत डेन्वरला असतो. गर्दी प्रचंड. मी एकदा गेलो, पुरे झालं.

वीकेंडला निघालो तर चालेल?

शुक्रवारी दुपारी आय-सेव्हन्टीवर डोंगराकडे आणि रविवारी दुपारी डेन्वरकडे गाडी घालू नका. आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे जी रांग लागते ती बघून खंडाळ्याच्या घाटातल्या लाँग वीकेंडची आठवण येते. सोमवार ते गुरुवार या, हॉटेलही स्वस्त. पण छोट्या ब्रुअरी सोमवार-मंगळवार बंद असू शकतात, आणि बहुतेक टॅपरूम रात्री आठनऊलाच आवरायला घेतात. "जेवून मग बसू" ही आपली सवय इथे चालत नाही. आधी बसा, मग जेवा.

दहा-बारा दिवस असतील तर?

तर दक्षिणेला दुरँगो. डेन्वरहून साडेसहा-सात तास, म्हणून छोट्या ट्रिपमध्ये कोंबू नका. गाव फक्त साडेसहा हजार फुटांवर, स्का १९९५ ची, स्टीमवर्क्स १९९६ ची, कार्व्हर त्याहून जुनी. दुरँगो ते सिल्व्हर्टन अशी १८८२ पासूनची वाफेची छोटी रेल्वे आहे, ४५ मैल, जायला साडेतीन तास. माथेरानची गाडी ज्यांना आवडते त्यांनी ही सोडू नये, पूर्वी डोळ्यांत कोळशाचे कण जायचे, आता वाफेची इंजिनं तेलावर चालतात. परत आल्यावर हातपाय धुऊन पहिला थंड पाइंट जो लागतो, त्याबद्दल काय सांगू.

सिल्व्हर्टनहून पुढे युरे या गावाला गाडीने जाणार असाल तर तो मिलियन डॉलर हायवे, रेड माउंटन पास ११,०१८ फूट, दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. चालवणाऱ्याने आदल्या रात्रीपण घेऊ नये असं माझं मत. युरेला पोचा, गरम पाण्याच्या कुंडात बसा, मग बघू.

खर्च किती? टीप द्यायची का?

पाइंट साधारण सात ते नऊ डॉलर. टीप द्यायचीच, एका पाइंटमागे एक डॉलर किंवा बिलाच्या १८-२० टक्के. रुपयांत गुणाकार करू नका, घशाखाली उतरणार नाही.

गाडीत घेऊन फिरता येते का? ग्राउलर, क्राउलर काय भानगड आहे?

ग्राउलर म्हणजे ६४ औंसाचा जग, तिथे नळावरून भरून देतात, उघडला की एकदोन दिवसांत संपवायचा, नाहीतर गॅस जातो. क्राउलर ३२ औंसाचा मोठा कॅन, तुमच्यासमोर भरून सील करतात, प्रवासात हा बरा. उघडलेलं काहीही गाडीत माणसांच्या जागेत ठेवायचं नाही, मागे बसलेल्यानेही प्यायची नाही, सगळं डिकीत. उन्हात तापलेल्या डिकीत बिअर दोन तास विसरलात तर ती गेली समजा. आणि एस्टेस पार्कला रात्री गाडीत खायचं-प्यायचं काही ठेवू नका, अस्वलांना दार उघडता येतं. थट्टा नाही.

घरी न्यायची असेल तर?

२०१९ पासून इथल्या साध्या किराणा दुकानातही सगळ्या प्रकारची बिअर मिळते, तिथून सुटे कॅन घ्या. विमानात केबिनमध्ये नाही, चेक-इन बॅगेत. चोवीस टक्क्यांच्या आतल्या दारूला तिथे प्रमाणाची मर्यादा नाही, बॅगेच्या २३ किलोंची मात्र आहे. प्रत्येक कॅन झिप पिशवीत, मग मोज्यात, मग जीन्सच्या पायात.

भारतात ड्यूटी फ्री दोन लिटर. ४७३ मिलीचे चार कॅन म्हणजे १,८९२ मिली, बरोब्बर बसतात. आयपीए नेऊ नका, तिचा वास महिनाभरात उतरतो आणि पुण्यात पोचून मित्रांबरोबर बसायचा मुहूर्त लागेपर्यंत काही राहत नाही. दोन येती, दोन व्हॅनिला पोर्टर. आणि विमानतळावर भावाला द्यायची म्हणून बाटली घेतलीत तर ती पण त्याच दोन लिटरमध्ये मोजतात, मग दोन कॅन इथेच आमच्याकडे ठेवून जायचे, आमची काही हरकत नसते.